पुराव्याचा दात

नेरे,
३ नोव्हेंबर २०२५

चि. कैलासभाऊजींस,

रजनीवहिनीचा आशीर्वाद. शुभांगीलाही सांगा.

अक्षर ओळखलं असेलच. दहावीला तुमचा निबंध मीच लिहून दिला होता आणि त्यावरचं बक्षीस तुम्ही मिरवलंत. आता स्वतः मास्तर झालात म्हणून माझ्या वेलांट्या तपासत बसू नका. पत्ता कुठून मिळाला म्हणाल, तर समन्सवरून. ज्या पोराच्या डब्यात मी चार वर्षं भाकरी बांधली, त्याचा पत्ता मला कोर्टाच्या कागदावरून उतरवून घ्यावा लागला. आमचे सगळ्यांचे फोन तुम्ही बंद करून टाकलेत, त्यात माझाही. दादांचा केलात ते समजू शकते. माझा का केलात, हे कधीतरी समोर बसून सांगा.

हे पत्र तुमच्या दादांना न सांगता लिहिते आहे. ते खाचरात गेलेत. इंद्रायणी भात कापून पडला आहे आणि झोडणीला माणूस मिळत नाही. नेऱ्यातले निम्मे लोक आता खोल्या भाड्याने देतात आणि खुर्ची टाकून बसतात. हे मात्र भात सोडायला तयार नाहीत. तुम्ही असतात तर दोन दिवसांत उरकलं असतं. असो.

लिहायचं कारण त्यांचा दात आहे. त्या दातामुळेच आपलं बोलणं बंद झालं, तर त्याच्यावरूनच सुरू करते.

मोजणीचा दिवस तुम्हीही विसरला नसाल. मोजणीवाल्याने हद्दीची खूण दाखवली आणि मामंजींनी लावलेलं जांभळाचं झाड तुमच्या बाजूला गेलं. हे म्हणाले, झाड सामाईक. तुम्ही म्हणालात, दगड पडला तिथे वाद संपला. दगड रोवायची पहार एकच होती आणि ती दोघांनी धरली. मी चहाचे कप विसळत पाठमोरी होते. आवाज आला म्हणून वळले, तर हे तोंडाला हात लावून बसलेले आणि खालच्या सुळ्याचा टवका उडालेला. तुम्ही म्हणता पहार निसटली. ते म्हणतात तुम्ही मारली. मला विचाराल तर मी फक्त आवाज ऐकला.

तेवढ्यावर भागलं असतं. दोन दिवस धुसफुस झाली असती आणि तिसऱ्या दिवशी मी दोघांना एका ताटात जेवायला बसवलं असतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण शेजारचा नथू मध्ये आला. मेहुण्याच्या केससाठी कोर्टाच्या बाकावर बसून बसून तो अर्धा वकील झालाय, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तो ओट्यावर बसून म्हणाला, "डोस्कं फुटलं आसतं तर साधी मारहाण झाली आसती. दात मोडला म्हंजी जबर दुखापत. कलमच येगळं हाय. फकस्त दाताला हात लावू नगं. आज भरून घेतलास तर उद्या कोर्टाला काय दाखवशील?"

झालं. त्या दिवसापासून तो दात दात राहिला नाही, पुरावा झाला.

तुमच्या पुतणीने, सायलीने, त्यांना हिंजवडीला दातांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. मृण्मयी नावाची पोरगी आहे, सायलीच्याच वयाची. तिने आरशाने पाहिलं आणि म्हणाली, टवका लहान आहे पण तडा आतल्या नसेपर्यंत गेलाय. उघडं ठेवलंत तर जंतू आत उतरतील, नस मरेल, मुळाशी पू धरेल. आज केलं तर थोडक्यात होईल. हे म्हणाले, केस संपल्यावर करू. तिला वाटलं काका चेष्टा करताहेत. ती हसली. मग हे हसत नाहीत हे पाहून तिने सायलीकडे बघितलं.

भाऊजी, मी त्यांना सांगून सांगून दाताच्या कण्या केल्या. पहिलं वर्ष गार पाणी लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. दाताची धार जिभेला कापायची, म्हणून बोलताना जीभ आखडायला लागले. एका बाजूने चावायला लागले. रात्री ठणका लागला की मी लवंग कुटून द्यायचे, नाहीतर माझ्या डबीतली मशेरी दाबून ठेवायचे. तंबाखूने हिरडी बधिर व्हायची आणि त्यांना झोप लागायची. मला वाटायचं, मी सेवा करतेय.

एके दिवशी सकाळी उठले आणि म्हणाले, "दुखायचं थांबलं बघ. सुंठीवाचून खोकला गेला." त्या दिवशी त्यांनी सगळ्या गल्लीला ऐकवलं की डॉक्टर लोक उगाच भिववतात. सायलीने मृण्मयीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, थांबलं म्हणजे बरं झालं नाही, आतली नस मेली. आता दुखणार नाही, पण खाली पसरत राहील. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, मेली तर मेली, तिला काय श्राद्ध घालायचंय का.

मग दात काळा पडला. हिरडीवर फोड यायचा, फुटायचा, तोंडात खारट यायचं, की चार महिने शांत. कोरोना आला, कोर्ट बंद पडलं. तारखा पडत गेल्या. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ते उगाच नाही.

दिवाळीच्या आधी त्यांची साक्ष झाली. तुम्हीही हजर होतात. पण तुम्ही मान खाली घालून होतात, म्हणून सांगते. पिंजऱ्यात उभे राहिल्या राहिल्या यांनी ओठ खाली ओढून दात दाखवला. मॅजिस्ट्रेट बाईंनी वरही पाहिलं नाही. म्हणाल्या, "तोंड मिटा. डॉक्टरांचा दाखला पहिल्या दिवसापासून फाईलला आहे. दात बघून कोर्टाला काय करायचंय?"

सहा वर्षं ज्यासाठी सोसलं, ते कुणी बघितलंच नाही. येताना गाडीत ते जिभेने तो दात चाचपत राहिले. मला हसू येत होतं आणि रडूही. मी दोन्ही गिळलं.

मला वाटलं, आता तरी काढतील. तर नथू म्हणतो, निकाल लागेपर्यंत थांब, अपिलात मागतील. आणि हे थांबले. आता त्यांना कोर्टासाठी थांबायचं नाही, भाऊजी. इतकी वर्षं थांबलो ते फुकट होतं, हे कबूल करायचं नाही म्हणून थांबायचं आहे. तुम्ही धाकटे आहात, तुम्हाला हा स्वभाव माझ्याइतकाच माहीत आहे. थोडा तुमच्यातही आहे.

पुढच्या तारखेला माझी साक्ष आहे. ती राहू द्या बाजूला. तुम्ही त्यांना दोन ओळी लिहा, किंवा या. केस मागे घ्यायला त्यांची तोंडाने हो म्हणायची तयारी नाही, पण तुम्ही दारात उभे राहिलात तर ते नाही म्हणणार नाहीत. तुमच्या नोकरीची टांगती तलवार मलाही दिसते. शिक्षा झाली तर शाळा गेली. ते ऐकलं की तेही जेवताना हात थांबवतात.

गाल जरासा सुजलाय, विशेष काही नाही. जांभळाचं झाड दोघांनीही उतरवलं नाही. दर वर्षी सडा पडतो आणि पाखरं खातात.

तुमची,
रजनीवहिनी


नेरे,
१७ नोव्हेंबर २०२५

भाऊजी,

तुमचं उत्तर आलं. एका कागदावर एकच ओळ. "वहिनी, आधी दात काढून टाकायला सांगा, बाकीचं नंतर बघू." वाचून मला किती बरं वाटायला हवं होतं.

पण ते माझ्या हातात आलंच नाही. पोस्टमन आला तेव्हा मी मागे भात वाळत घालत होते. यांनी पाकीट फोडलं आणि ओट्यावर बसून वाचलं. नथू शेजारी होताच. मी आले तर हे कागद माझ्यापुढे धरून म्हणाले, "बघ, तुझा लाडका दीर. साक्ष झाली तसा पुरावा मिटवाया निघालाय."

मी म्हणाले, पुरावा कसला, त्याला तुमची काळजी आहे. मी कळवलं म्हणून त्याने लिहिलं. तेव्हा त्यांना कळलं की मी तुम्हाला पत्र घातलं. तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

चूक कुणाची, हे मी रोज उलटसुलट करून बघते. माझी म्हणाल तर मी तुमच्या मायेखातर लिहिलं. तुमची म्हणाल तर तुम्ही खरं तेच लिहिलंत. तरी तुमच्या त्या एका ओळीने ते जास्तच आडून बसले. तुम्ही चार शिव्या दिल्या असत्यात तर कदाचित गेले असते डॉक्टरकडे.

आता खरं सांगते. मागच्या पत्रात मी गाल जरासा सुजलाय असं लिहिलं, ते जरासं नव्हतं. दहा तारखेला सायलीने रजा टाकून त्यांना ओढून नेलं. मृण्मयीने बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. साखर तीनशेच्या वर निघाली. साखर आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं. ती म्हणाली, मुळाशी पुवाची गाठ आहे, साखरेमुळे ती आवरणार नाही. गोळ्या देते, एकही चुकवायची नाही. दोन दिवसांनी या, दात काढून पू बाहेर काढू. सूज गळ्याकडे उतरली, गिळायला त्रास झाला, जीभ उचलल्यासारखी वाटली, तर माझी वाट बघू नका, तडक मोठ्या दवाखान्यात जा. हे शेवटचं तिने मला दोनदा म्हणायला लावलं.

दोन दिवस गोळ्या घेतल्या. सूज ओसरली. तेवढ्यात तुमचं पत्र आलं आणि हे म्हणाले, दात कोण काढतो बघू. उरलेल्या गोळ्या खिडकीत पडून आहेत. वर झोडणीचं निमित्त. माणसं आज आलीत, उद्या येणार नाहीत, भात शेतात ठेवून दवाखान्यात बसू का, असं. मी म्हणाले भात कुजला तर कुजू दे. त्यावर माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मी मामंजींना शिवी दिली.

काल मात्र जेवताना मध्येच थांबले. मला वाटलं ठणका लागला. म्हणाले, "कैलासला लहानपनी दाढ आलीवती तवा मी त्याला खांद्यावर घिऊन घोटावड्यापत्तूर चालत गेलोवतो. रस्ताभर रडत हुतं बेनं." एवढं बोलून पुन्हा भात कालवायला लागले. मी नुसता त्यांच्या ताटात आणखी भात वाढला. बोलले असते तर ते पुन्हा दगड झाले असते.

तुम्हाला ते आठवतं का? मला त्यांनी आजवर कधी सांगितलं नव्हतं.

दुसरं पत्र लिहू नका. तुम्हीच या. कागदाने आपल्या घरात कधी भलं केलेलं नाही.

रजनी


२४ नोव्हेंबर, सकाळी

भाऊजी,

हे मी दवाखान्याच्या पायरीवर बसून लिहिते आहे. सायली फोटो काढून तुमच्या मुख्याध्यापकांच्या फोनवर पाठवेल. त्यांचा नंबर तिने कुठून तरी मिळवला.

शनिवारी संध्याकाळी सूज हनुवटीखाली उतरली. काल सकाळी बोलणं जड झालं, तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं. दुपारी लाळ गिळता येईना. मृण्मयीने मला दोनदा म्हणायला लावलेलं सगळं एकेक करून समोर आलं. मी नथूची गाडी काढायला लावली.

डॉक्टर म्हणतात, दाताच्या मुळाचा पू जिभेखाली आणि गळ्यात पसरला. जीभ वर ढकलली गेली आहे आणि श्वासाची वाट बंद होत चालली होती. रात्री गळ्याला भोक पाडून नळी घातली, हनुवटीखाली चिरा देऊन पू काढला. तो दातही काढला. आता मशीनवर आहेत, झोपवून ठेवलंय. रक्तात विष भिनलंय असं म्हणाले.

मोठ्या डॉक्टरांनी सायलीला विचारलं, एवढी वर्षं हा दात असा का ठेवला? ती म्हणाली, आमच्याकडे असंच करतात.

रुसवा-फुगवा घरी गेल्यावर काढू. आज निघा.

वहिनी


नेरे,
११ डिसेंबर २०२५

प्रिय कैलास,

आज भाऊजी म्हणत नाही. ज्या पोराला मी न्हाऊ घालायचे, त्याला लिहिते आहे.

तू आलास. काचेबाहेर उभा राहिलास, तेव्हा मी दोन हातांवर बाकावर होते. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस आणि मीही हाक मारली नाही. दुसऱ्या दिवशी ते गेले. अग्नी तू दिलास. डोकं तू भादरून घेतलंस. सावडायला तू आलास, मडकं तू उचललंस, आळंदीला इंद्रायणीत तूच सोडलंस. दहाव्याला नदीवरून परस्पर निघून गेलास. घराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाहीस, पाण्याचा घोटही घेतला नाहीस. सगळं रीतसर केलंस आणि परक्यासारखं केलंस.

घाटावर नथू तुझ्या कानाशी काय बोलला, ते मला काल त्याच्या बायकोकडून कळलं. "शेवटी तुज्या पहारीनंच नेला त्याला," असं म्हणाला ना तो? तू ते खरं धरून गेलास. म्हणून हे पत्र. आधीच लिहायला हवं होतं. पण घर माणसांनी भरलेलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला तुझा राग होता. तू आठ दिवस आधी आला असतास तर, हे मी चितेपाशी उभी असताना मनात म्हणत होते. आता राग उरला नाही, नुसती हळहळ आहे. ती तुझी, माझी आणि त्यांची, तिघांची सारखी आहे. तू एकट्याने उचलू नकोस.

तुला माहीत नसलेली एक गोष्ट आहे. ती मी सायलीलाही सांगितलेली नाही. ती तिच्या गाडीने मागून आली आणि तेव्हा कागद करायला गेली होती.

त्या रविवारी आम्ही नेऱ्याहून निघालो. नथू गाडी चालवत होता, हे मागे माझ्या खांद्याला टेकून बसले होते. तोंड उघडं, लाळ गळतेय, मी पदराने पुसतेय. हिंजवडीच्या चौकात गाडी अडकली. नथूचं तोंड काही बंद राहत नाही. तो आरशात बघत म्हणाला, "वैनी, देव करो आन् काय न होवो. पर काय बरं-वाईट झालं तर केस मोठी व्हनार. दातापायी मानूस गेला म्हंजी कैलासची नोकरी तर जाईलच, वर आत बसावं लागंल." हे त्याने वाईटपणाने म्हटलं नाही. त्याला कोर्टाची कलमं दिसतात, माणसं दिसत नाहीत.

यांचा हात माझ्या हातात होता. तो एकदम घट्ट झाला. मला वाटलं श्वास अडकला.

दवाखान्यात तातडीच्या खोलीत तरुण डॉक्टर होता. त्याने कागदावर लिहायला सुरुवात केली. नाव, वय, साखर कधीपासून. मग विचारलं, "हा दात मोडला कशाने?"

नथू पुढे झाला. गेली सहा वर्षं या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरात पाठ होतं. यात्रेत, लग्नात, रस्त्यात, कुणी न विचारताही ते ओठ खाली ओढून दाखवायचे आणि तुझं नाव घ्यायचे. नथू तोंड उघडणार, तेवढ्यात यांनी त्याला हाताने मागे सारलं. एवढी ताकद कुठून आली कोण जाणे. बोलता येत नव्हतं. जीभ टाळूला चिकटली होती, नुसता घरघर आवाज येत होता. त्यांनी दोन्ही हात वर उचलले, तोंडाजवळ आणले, आणि यात्रेच्या दुसऱ्या दिवशी मटणाची नळी धरून दाताने फोडतात ना, तसं केलं. मग ती नळी चोखल्यासारखं केलं. पाहिलंस ना तू त्यांना किती वेळा, मांडी घालून, डोळे मिटून? अगदी तसंच.

डॉक्टरला समजेना. त्याने मला विचारलं, काय म्हणतात?

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते. डोळे लाल झाले होते, पण मला त्यांनी लग्नात जसं पाहिलं होतं तसं पाहत होते, भीत भीत, हिला समजलं का म्हणून.

मी म्हणाले, "बोकडाची नळी फोडताना मोडला. यात्रेच्या वेळी."

डॉक्टरने तसं लिहून घेतलं. नथू माझ्याकडे बघत राहिला, मग बाहेर जाऊन बसला. यांनी मान हलवली, एकदाच. हात खाली ठेवले. मग त्यांना आत नेलं आणि त्यानंतर ते शुद्धीवर आले नाहीत. म्हणजे आमच्या संसारातलं त्यांचं शेवटचं बोलणं ते होतं. ते खोटं होतं, आणि त्यांनी आयुष्यात तुझ्यासाठी केलेली सगळ्यात मोठी गोष्ट होती.

आणखी एक. दात काढल्यावर सिस्टरने तो लहान डबीत घालून मला दिला. घरी न्यायचा का, म्हणाली. एवढासा, काळा, टवका उडालेला. मला वाटलं होतं, सहा वर्षं ज्याने दोन घरं तोडली तो निदान मोठा तरी असेल. मी कनवटीला बांधून ठेवला. सावडायच्या दिवशी बायका मागे होत्या आणि मी मडक्याला नमस्कार करायला वाकले, तेव्हा तो त्यात टाकला. आळंदीला तू जे पाण्यात सोडलंस, त्यात तो होता. पुरावा तुझ्या हातानेच गेला, कैलास. तुला कुणी सांगितलं नव्हतं एवढंच.

आता माझं. रात्री भिंतीकडे तोंड करून मी त्याच त्या गोष्टी मोजते. पहिल्या दिवशी त्यांना फरफटत नेलं असतं तर. लवंग दिली नसती, मशेरी दाबली नसती, ठणका सोसू दिला असता तर कंटाळून आपणहून गेले असते. मी त्यांचं दुखणं कमी करत गेले आणि त्यामुळे ते सोसत गेले. मृण्मयी भेटायला आली होती. ओट्यावर बसून रडली. म्हणाली, काकू, अर्ध्या तासाचं काम होतं हो. तिला मी चहा दिला. दुसरं काय देणार? परवा मशेरीची डबी उकिरड्यावर टाकून आले. आता हिरडी शिवशिवते, तर शिवशिवू दे.

माझी साक्ष पुढच्या महिन्यात आहे. मला विचारतील, दात कशाने मोडला. ते स्वतः त्याच पिंजऱ्यात उभे राहून तुझं नाव सांगून गेलेत, हे मला माहीत आहे. मी म्हणणार, बोकडाच्या नळीने. उलटसुलट विचारतील, दवाखान्याचा कागद काढतील, त्यावरही तेच आहे. खोटं बोलण्याचं पाप लागेल ते लागेल. जन्मभर त्यांचं सगळं ऐकलं, बरंचसं न पटताही ऐकलं. हे एक पटून ऐकते आहे.

शुभांगीला आणि पोराला घेऊन ये. उंबऱ्याबाहेरून जायचं नाही. जांभूळ तुझ्या हद्दीत आहे, दगड मी हलवू देणार नाही. पण ज्येष्ठात उतरवायला तू ये आणि निम्मी पाटी माझ्या दारात आणून ठेव. ते असते तर भांडून का होईना, खाल्ली असती.

हे पत्र सायलीला फोटो काढायला दिलं नाही. पोस्टात मी स्वतः टाकणार आहे. मला माहीत आहे, तू हे पुन्हा पुन्हा वाचशील. त्यांनी तुला माफ केलं, याची एवढी एकच खूण जगात आहे आणि ती या कागदावर आहे. तरी एक मागते. एकदा वाच, हवं तर दोनदा वाच, आणि मग चुलीत घाल. कुणाच्या हाती लागलं तर माझी साक्ष खोटी ठरेल आणि त्यांनी केलेलं वाया जाईल. तुला जपून ठेवावंसं वाटेल. तेही एक गोष्ट अशीच जपून बसले होते.

काडी लाव बाळा.

तुझी,
रजनीवहिनी